डग्लस–टायसन, टोकियो १९९०: उंच बॉक्सरने यातून नेमकं काय उचलायचं?

बर्डी_कॉर्नर

मंडळी, बस्टर डग्लसची टोकियोची फाइट सगळ्यांना तोंडपाठ आहे: ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो डोम, टायसन ३७ पैकी ३७ जिंकलेला, लास वेगासच्या मिराज कसिनोत डग्लसचा भाव एकास बेचाळीस, आणि दहाव्या राउंडमध्ये टायसन नॉकआउट. तो इतिहास पुन्हा नको. मला कामाचं विचारायचं आहे.

सुपर हेवीत, म्हणजे सगळ्यात जड वजनगटात, खेळणारा एक पोरगा आहे. उंची सहा फूट तीन इंच, हात लांब, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) चांगला. पण समोर बुटका, अंगावर येणारा बॉक्सर आला की हा सरळ रेषेत मागे जातो, दोरीला पाठ लागते आणि तिथेच मार खातो. त्याला ही फाइट दाखवायची आहे. प्रश्न तीन.

एक, डग्लसने टायसनला लांब ठेवलं ते नुसत्या जॅबवर, की आणखी काही होतं?
दोन, टायसन त्या रात्री तयारच नव्हता म्हणतात. तसं असेल तर या फाइटमधून शिकण्यात अर्थ आहे का?
तीन, आठव्या राउंडमध्ये डग्लस पडला तेव्हाच्या काउंटचा वाद आणि टायसनच्या डोळ्यावर कॉर्नरने केलेला उपचार, या दोन्हींत आपल्या कॉर्नरवाल्यांना घेण्यासारखं काय आहे?

मानकापूर_पॅड्स

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, बसून वाचा.

पोराला दहावा राउंड सगळ्यात शेवटी दाखवा. नॉकआउटची क्लिप प्रत्येकाने पाहिलेली असते आणि शिकण्यासारखं तिच्यातच सगळ्यात कमी आहे. पहिले सात राउंड दाखवा, तेही आवाज बंद करून, आणि निदान दोन राउंड फक्त डग्लसचे पाय बघायला सांगा.

टायसनच्या हातांचा पल्ला ७१ इंच, डग्लसचा ८३. पूर्ण एक फूट जास्त. पण लांब हाताचे बॉक्सर टायसनला आधीही भेटले होते. बोनक्रशर स्मिथ १९८७ च्या मार्चमध्ये बारा राउंड मिठ्या मारत टिकला. टोनी टकर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बारा राउंड उभा राहिला. दोघेही गुणांवर हरले. नुसती उंची आणि नुसता जॅब पुरला असता तर काम तेव्हाच झालं असतं. आणि याच टकरने त्याच वर्षी मे महिन्यात डग्लसला दहाव्या राउंडमध्ये थांबवलं होतं, हेही लक्षात असू द्या.

टायसनची पद्धत अशी: जॅब आला की डोकं बाजूला आणि खाली, गुडघे वाकलेले, आणि तिथून वर येता येता हुक (बाजूने फिरवलेला ठोसा) किंवा अपरकट (खालून वर हनुवटीवर येणारा). पण डोकं चुकवणं आणि ठोसा सोडणं याच्या मध्ये त्याला पाय रोवावे लागतात. तेवढा अर्धा क्षण तो ना आत असतो ना बाहेर. बाकीचे लोक नेमक्या त्याच क्षणी मागे सरकायचे, म्हणजे टायसनला पाय रोवायला आयता वेळ मिळायचा. डग्लसने तिथे उजवा, म्हणजे उजव्या हाताचा ठोसा, सोडला. जॅब चुकवून डोकं जिथे येणार, तिथे उजवा आधीच निघालेला असायचा. त्याचा जॅब लागला की चुकला याला फारसं महत्त्व नव्हतं, कारण त्याच्या मागून दुसरा ठोसा येतच होता.

दुसरी गोष्ट, ठोशांनंतर तो बघत उभा राहिला नाही. दोन, तीन, कधी चार ठोसे, आणि मग एक तर अंगाला चिकटून टायसनचे दंड आवळायचे, नाहीतर बाजूला पाऊल टाकायचं. टायसनला हवं असायचं ते मधलं अंतर, हाताच्या अर्ध्या लांबीचं. तिथे डग्लस रेंगाळला नाही. स्मिथच्या मिठीत आणि डग्लसच्या मिठीत फरक हाच: स्मिथ मार चुकवायला मिठी मारत होता, डग्लस मारून झाल्यावर.

तिसरी गोष्ट अपरकट. बुटका बॉक्सर डोकं खाली घालून आत येतो, तेव्हा हुक वरून निघून जातो, अपरकट बरोबर बसतो. पण अपरकट तो आत आल्यावरच. हे वाक्य पोराच्या वहीत लिहून ठेवा, खाली पुन्हा त्यावर येतो.

आता सराव. उंच पोरांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे जॅब आपल्या खांद्याच्या उंचीला मारायचा सराव. पॅड धरणारा उभा असतो, पॅड वर असतात, सगळं छान दिसतं. स्पर्धेत समोर पाच फूट नऊचा येतो, वाकतो, आणि जॅब टाळूवरून जातो. म्हणून पॅड धरणाऱ्याने गुडघे वाकवून पॅड पोराच्या छातीच्या उंचीला धरावेत. पोराने खाली मारताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांतून बसायचं. कमरेतून वाकला की हनुवटी पुढच्या गुडघ्याच्या पुढे जाते आणि समोरच्याचा वरून फिरवलेला उजवा थेट कानशिलावर येतो.

फरशीवर खडूने एक रेघ मारा. पोराचा पुढचा पाय रेघेवर. पॅडवाला चालत येईल, पोराने तीन मिनिटं रेघेच्या मागे एक पावलाहून जास्त जायचं नाही. डावीकडे, उजवीकडे, कुठेही जा, फक्त सरळ मागे नाही. क्रम असा ठेवा:

पहिला राउंड: फक्त जॅब, आणि हात परत हनुवटीवर. हात खालून परत आला की पॅडवाल्याने त्याच बाजूने पॅडची चापट द्यायची.
दुसरा: दोन जॅब. दुसऱ्या जॅबसोबत पुढचं पाऊल अर्ध्या फुटाने आत.
तिसरा आणि चौथा: जॅब, उजवा, आणि लगेच आपल्या डावीकडे पाऊल. समोरच्याचा लेफ्ट हुक आपल्या उजव्या बाजूने येतो, डावीकडे गेलं की त्यापासून लांब जातो. मात्र त्याच्या उजव्याच्या वाटेवर जातो, म्हणून आपला डावा हात वर असलाच पाहिजे.
पाचवा: जॅब, उजवा, मग आत शिरून दंड आवळणं. हात समोरच्याच्या हातांच्या आतून, डोकं त्याच्या खांद्याच्या बाहेर.
सहावा: हे सगळं मिसळून, पण पॅडवाल्याने कधी यायचं ते सांगायचं नाही.

सहा राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती. आठवड्यातून तीनदा पुरे. रोज केलं तर खांदा धरतो, जॅब मंदावतो, आणि मंद जॅब बुटक्याला आमंत्रणच आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा हे सकाळी सातच्या आत उरका. दमलेल्या पोराचे हात खाली येतात आणि नेमकी तीच सवय अंगात मुरते.

फुटाळा_साउथपॉ

राजेहो, एवढं सारं सांगून राहिले तुम्ही, पण खरं सांगा, टायसन त्या रात्री टायसन होता काय? सरावात ग्रेग पेजनं त्याले खाली बसवलं होतं. त्याचा ट्रेनर केव्हिन रूनीले काढून वर्ष उलटलं होतं. कॉर्नरमध्ये जे होते त्यायले काय करावं ते समजत नव्हतं. डग्लसच्या जागी कोणीही चांगला उंच माणूस असता तर जिंकला असता. नंतर होलीफिल्डनं तिसऱ्या राउंडमध्ये गुंडाळलाच ना डग्लसले?

मानकापूर_पॅड्स

भाऊ, अर्धं बरोबर.

टायसनचं वजन २२०½ पाउंड होतं. १९८८ मध्ये स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं तेव्हा २१८¼. म्हणजे वजनावरून "फुगला होता" हे काही सिद्ध होत नाही. बिघडलं होतं ते डोकं हलवणं. रूनीच्या काळात तो ठोसा मारायच्या आधीही डोकं हलवायचा आणि मारून झाल्यावरही. टोकियोत बऱ्याचदा आत येताना एकदा हलला, मग सरळ चालत आला, एकेक मोठा ठोसा शोधत. हे खरं आहे.

पण तो डोकं हलवत नव्हता यामागे एक कारण रिंगमध्येही होतं. जॅब चुकवला की उजवा येतो, हे दोन राउंडमध्ये अंगावर शेकलं की डोकं हलवायची हिंमतही कमी होते. आणि आठव्या राउंडच्या शेवटी त्याच "तयार नसलेल्या" टायसनने उजव्या अपरकटने डग्लसला पाडलंच. म्हणजे ताकद होती, वेळ साधणंही होतं. डग्लस उठला, आणि नवव्या राउंडमध्ये त्यानेच टायसनला दोरीला लावून झोडपलं. "कोणीही जिंकला असता" हे मला त्या नवव्या राउंडमुळे पटत नाही.

होलीफिल्डचं मात्र बरं काढलंत. २५ ऑक्टोबर १९९०, डग्लस २४६ पाउंड. टोकियोत २३१½ होता. साडेचौदा पाउंड म्हणजे साडेसहा किलो जास्त. तिसऱ्या राउंडमध्ये त्याने लांबून, समोर जॅब न टाकता उजवा अपरकट मारला. होलीफिल्ड आत आलेलाच नव्हता. अपरकट हवेत गेला, डग्लस उघडा पडला आणि होलीफिल्डने सरळ उजवा घातला. संपलं. टोकियोच्या दहाव्या राउंडमध्ये तोच अपरकट जॅबच्या मागून, टायसन आत असताना आला होता. मान मागे फेकली गेली, त्यावर डाव्या-उजव्याचे चार ठोसे, आणि टायसन आयुष्यात पहिल्यांदा खाली. राउंडचं १ मिनिट २२ सेकंद झालं होतं.

म्हणून वर म्हटलं, वहीत लिहून ठेवा. या दोन अपरकटांच्या क्लिप एकामागोमाग एक दाखवा. आणखी काही समजावून सांगावं लागणार नाही.

बर्फाची_पेटी

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, कॉर्नरचं.

टायसनचा डावा डोळा पाचव्या राउंडपासून सुजायला लागला. डावाच का? डग्लसचा उजवा टायसनच्या डाव्या बाजूला लागतो म्हणून. आणि डावा डोळा मिटत गेला की तोच उजवा दिसेनासा होतो. म्हणजे सूज फक्त जखम नाही, ती समोरच्याला दिलेली सूट आहे.

अशा वेळी कॉर्नरमध्ये एनस्वेल लागतं: गुळगुळीत धातूचा छोटा ठोकळा, बर्फात थंडगार केलेला. टायसनच्या कॉर्नरकडे ते नव्हतं. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरलं. जगज्जेत्याच्या कॉर्नरमध्ये! त्याने का भागत नाही ते बघा. रबर थंडावा नीट पोचू देत नाही, आणि पाण्याची पिशवी मऊ असल्यामुळे दाब बसत नाही. सुजेला दोन्ही लागतात, थंडावा आणि दाब.

आपल्याकडे एनस्वेल नसेल तर सपाट बुडाच्या, जाड स्टीलच्या दोन छोट्या वाट्या बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवा. दोन यासाठी, की उन्हाळ्यात आपल्या हॉलमध्ये अंगाला लावलेलं स्टील बघता बघता गरम होतं, तेव्हा एक लावायची, दुसरी थंड होत ठेवायची. लावायच्या आधी कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर पाण्याने व्हॅसलीन निघून जातं. दाबायचं ते सुजेवर, गालाच्या किंवा भुवईच्या हाडावर टेकवून. बुबुळावर कधीच नाही. आणि घासत न्यायचं नाही. सूज "सरकवायला" जाणारे खूप आहेत, त्याने कातडी फाटते आणि सुजेऐवजी रक्त हातात येतं.

विश्रांतीचं मिनिट असं वाटा: पहिले दहा सेकंद बसवणं, तोंडातला गार्ड काढणं, श्वास. मग पस्तीस-चाळीस सेकंद वाटी दाबून, आणि त्याच वेळी एकाच माणसाने बोलायचं, तेही दोन वाक्यं. उरलेल्यात पाणी, पुसणं, व्हॅसलीन, गार्ड. दोघं-तिघं एकदम ओरडले तर पोराच्या कानात काही जात नाही.

डोळा मिटायला आला असेल तर डॉक्टरला दाखवायचं आणि ते म्हणतील ते मान्य करायचं. पोरगा "दिसतंय, दिसतंय" म्हणणारच.

काउंटबद्दल: आठव्या राउंडमध्ये डग्लस पडला तेव्हा टाइमकीपरची मोजणी सुरू झाली होती. रेफ्री ऑक्टाव्हियो मेयरानने तिथून आकडा उचलायला हवा होता, त्याने स्वतःचा पुन्हा एकपासून सुरू केला. म्हणून डग्लस रेफ्रीच्या नऊवर उठला तरी घड्याळात दहापेक्षा जास्त सेकंद झाले होते. जागतिक किताब देणाऱ्या संघटनांपैकी डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसीने निकाल काही दिवस अडकवला, आयबीएफने डग्लसलाच मानलं, आणि ओरडा झाल्यावर बाकीच्यांनाही मानावं लागलं. पण बॉक्सरसाठी अधिकृत आकडा रेफ्रीचाच. डग्लस पडल्यावर वैतागून मॅटवर हात आपटतो आणि मग रेफ्रीकडे बघत थांबतो. त्याला दोष देता येत नाही, त्याने समोरच्या बोटांवरचा आकडा पाळला. दहाव्या राउंडमध्ये टायसनच्या वेळीही मोजणी काही घाईची नव्हती. तो मात्र माउथगार्ड शोधत, तो अर्धवट दातांत धरत उठत होता.

पोराला शिकवायचं एवढंच: पडला तर एका गुडघ्यावर ये, नजर रेफ्रीच्या हातावर, सात म्हटलं की उभा राहा. हौशी स्पर्धेत आठपर्यंत मोजतातच, लवकर उठून काही मिळत नाही. आणि गार्ड पडला असेल तर तो शोधायचा नाही, रेफ्री बघून घेतो.

जॅबवाला_गोकुळपेठ

एक छोटी पुरवणी. जॅबच शिकवायचा असेल तर लॅरी होम्स बघावा, डग्लस नव्हे. होम्स–नॉर्टन, ९ जून १९७८, पंधरा राउंड, जजच्या तिन्ही गुणकार्डांवर १४३–१४२, दोन होम्सकडे, एक नॉर्टनकडे. होम्सचा जॅब हा स्वतःच एक पूर्ण ठोसा आहे. डग्लसचा जॅब त्या रात्री मुख्यतः उजव्याची वाट उघडण्यासाठी होता. दोन्ही दाखवा, पण एकाच आठवड्यात दाखवू नका, पोरगा गोंधळतो.

आणि टोकियोच्या कार्डांवर कोणी बोललं नाही म्हणून सांगतो: नऊ राउंडनंतर एका जजकडे डग्लस ८८–८२, एकाकडे ८६–८६, आणि एकाकडे टायसन ८७–८६ ने पुढे! ज्याने तो नववा राउंड पाहिला त्याला हे तिसरं कार्ड पचत नाही. हौशी स्पर्धेतही हेच होतं. पुढे चालून येणारा जिंकतोय असं दिसतं. म्हणून उंच पोराने मारल्यानंतर मागे जाताना दिसू नये, बाजूला जाताना दिसावं. ठोसे तेवढेच असले तरी जजच्या डोळ्यांना फरक पडतो.

बर्डी_कॉर्नर

सगळ्यांचे आभार, वाट्या आजच थर्मासमध्ये ठेवतो. एक अडचण उरते. डग्लसकडे बारा राउंड होते. पोराकडे तीन. टायसनला दमवायला डग्लसला निम्मी फाइट लागली. तीन राउंडमध्ये हे बसवायचं कसं? आणि मिठी मारली की आपले रेफ्री लगेच टोकतात.

मानकापूर_पॅड्स

दमवायचं नाहीच. तीन राउंडमध्ये बुटका दमत नाही, तो धरून चालूच नका. डग्लसकडून घ्यायचं ते पहिल्याच मिनिटाचं: पहिल्या घंटेपासून जॅबच्या मागून उजवा. "आधी अंदाज घेऊ, मग सुरू करू" ही चैन तीन राउंडमध्ये परवडत नाही. पहिल्या मिनिटात समोरचा तीन-चारदा आत आला आणि प्रत्येक वेळी उजवा खाऊन गेला, तर पुढच्या वेळी तो पाय रोवताना बिचकतो. तेवढं बिचकणं पुरे आहे.

मिठीचं तुमचं खरं आहे. धरून ठेवलं की समज मिळते, पुन्हा केलं तर वॉर्निंग आणि गुण जातो. म्हणून आवळायचं नाही, झाकायचं. ठोसे झाले की आपले दोन्ही हात त्याच्या दंडांवर आतून ठेवायचे, बोटं बंद, अंगाचं वजन थोडं त्याच्यावर, आणि "ब्रेक" ऐकू आला की पहिलं पाऊल बाजूला. हात दंडावर ठेवलेला आणि हात मागे गुंफलेला यातला फरक रेफ्रीला दिसतो. पाचव्या राउंडच्या सरावात हेच घ्या, आणि पॅडवाल्याने मोठ्याने "ब्रेक" म्हणायचं. पोरगा सरळ मागे गेला तर राउंड पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या राउंडमध्ये पुढे असाल तर फक्त दोन गोष्टी: दुहेरी जॅब आणि डावीकडे पाऊल. अपरकट बंद. पुढे असताना उंच पोरांना दिमाखदार अपरकट सुचतो, लांबून.

फुटाळा_साउथपॉ

समोरचा माझ्यासारखा डावखुरा निघाला तर? डावीकडे पाऊल म्हणता, ते तर सरळ त्याच्या डाव्या हाताच्या तोंडी जाणं झालं काय?

मानकापूर_पॅड्स

उलट. डावखुऱ्याचा जड हात डावा, तो आपल्या उजव्या बाजूने येतो. त्यामुळे पाऊल डावीकडेच राहतं, आणि पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर पडला पाहिजे. बदलतो तो जॅब. दोघांचे पुढचे हात एकमेकांत अडकतात, म्हणून जॅबऐवजी सरळ उजवाच पहिला. पण हे टोकियोच्या फाइटमध्ये सापडणार नाही, टायसन उजव्या हाताचा होता. त्याला वेगळा धागा काढा, इथे घुसडलं तर हाही भरकटेल.